सोपवलेलं बाळ: ठाणे-बेलापूर पट्ट्यातलं एक प्रकरण

रात्री पावणेदोनच्या सुमारास ती एकटीच रिक्षातून उतरली. हातात एक पिशवी, त्यात टॉवेल, पाण्याची बाटली, मोबाइलचा चार्जर आणि कंपनीचं ओळखपत्र. कॅज्युअल्टीत नाव-गाव लिहून घेताना 'पतीचे नाव' या रकान्यापाशी ती अडली. सिस्टरने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत कळ आली आणि तिला तशीच लेबर रूममध्ये नेलं. सव्वाचारला मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम.

मी या पट्ट्यातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात समाजसेवा विभागात काम करते. सकाळी साडेनऊला वॉर्डात गेले, तेव्हा केसपेपरच्या कोपऱ्यात कुणीतरी पेनने लिहून ठेवलं होतं, 'बेबी अनवॉन्टेड'. ती तोवर कुणाशी काही बोललीही नव्हती. रकाना रिकामा राहिला, एवढ्यावरून ते लिहिलं गेलं होतं.

हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं, कारण बाळ कायद्याने सोपवता येतं हे आपल्याकडे फार थोड्या बायांना माहीत असतं. ज्यांनी ते त्यांना सांगायचं, त्या आम्हा रुग्णालयातल्या लोकांनाही ते अर्धवटच माहीत असतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून नावं, तारखा आणि माग लागेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. लिहिण्याआधी आईला विचारलं आहे.

पार्श्वभूमी

वय बावीस. बीड जिल्ह्यातलं गाव, आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, पाठची एक बहीण. बारावीनंतर मावसबहिणीच्या ओळखीने ती इकडे आली आणि रबाळे एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली. घणसोली गावठाणात पाच जणींमध्ये एक खोली. बाळाचा बाप त्याच कंपनीत ठेकेदाराकडे होता. दिवस गेल्याचं कळल्यावर 'गावी जाऊन घरच्यांशी बोलतो' म्हणून गेला, तो फोन बंद करून बसला.

पाळी पहिल्यापासून अनियमित, त्यामुळे तिला स्वतःलाच फार उशिरा कळलं. मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या, काही झालं नाही. मग एका खासगी डॉक्टरकडे गेली तेव्हा सहावा महिना संपत आला होता. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक कारणांसाठी २४ आठवड्यांपर्यंत मुदत आहे. अविवाहित स्त्रीलाही ती मुदत मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. पण ती पोचली तेव्हा २४ आठवडेही उलटून गेले होते. 'आता काही होत नाही, बाळंतपणच करावं लागेल,' एवढं सांगून तिला परत पाठवलं. पुढचे तीन महिने ती सैल कुर्ते घालून उभ्याने पॅकिंग करत राहिली.

खोलीतल्या एकीने तिला सल्ला दिला होता, 'स्टेशनवर ठेव, कुणीतरी उचलतं.' पहिल्याच बोलण्यात तिने मला हे सांगितलं. घणसोली स्टेशनवरची एक जागाही तिने बघून ठेवली होती. जिन्याखाली, जिथे पाऊस लागत नाही आणि पहाटेच्या पहिल्या गाडीची माणसं जातात. पाऊस लागू नये आणि माणसांची नजर पडावी, एवढा विचार जिने केला होता तिच्या बाळाला 'अनवॉन्टेड' म्हणायचा अधिकार कुणाला नव्हता. मी तो शेरा सिस्टरकडून खोडून घेतला.

वॉर्डातले पहिले दोन दिवस

या दोन दिवसांत तीन माणसं तिच्या खाटेपाशी आली. तिघांनी तिला तीन वेगळ्या दिशांना ढकललं.

पहिले आले ते चौकीवरचे हवालदार. सज्ञान अविवाहित बाईचं बाळंतपण हा गुन्हा नाही, पण 'नवरा नाही' म्हटल्यावर चौकीला कळवायची सवय आमच्याकडे पडून गेली आहे. हवालदार वाईट माणूस नव्हते, आवाजही चढवला नाही. पण म्हणाले, 'बाळ टाकायचा विचार असला तर आत्ताच सोडून दे. कलम ९३ लागतं, सात वर्षं आहेत.' खरं आहे ते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ९३ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलाला कायमचं सोडून देण्याच्या हेतूने टाकणाऱ्या आईबापाला सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण त्या कलमाच्या पलीकडे दुसरा एक कायदा उभा आहे, तो त्यांना ठाऊक नव्हता. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ३५ म्हणतं, की शारीरिक, भावनिक किंवा सामाजिक अशा आपल्या हाताबाहेरच्या कारणांमुळे मूल सांभाळता येत नसेल, तर आईबाप ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर करून सोपवू शकतात. कलम ३८ मध्ये तर स्पष्ट लिहिलं आहे, की सोपवलेल्या किंवा सोडून दिलेल्या मुलाची चौकशी चालू असताना जन्मदात्यांवर एफआयआर नोंदवायचा नाही. मुलाला क्रूरपणे वागवण्याबद्दलच्या कलम ७५ मध्येही, परिस्थितीपुढे इलाज नव्हता म्हणून मूल सोडलं असेल तर त्यात मुद्दामपणा धरायचा नाही, असं म्हटलं आहे.

मी हवालदारांना खाली ऑफिसात नेलं आणि ही कलमं छापील पुस्तकातून वाचून दाखवली. त्यांनी मोबाइलवर फोटो काढून घेतले. 'हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, मॅडम,' म्हणाले. त्यांचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही.

दुसऱ्या आल्या आमच्याच मावशी, वॉर्डातल्या जुन्या आया. दुपारच्या जेवणानंतर, सिस्टर चहाला गेल्यावर. 'पनवेलला माझ्या ओळखीचं जोडपं आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, पोर नाही. सोन्यासारखं सांभाळतील. तुझ्या हातात चाळीस हजार देतील, बाळंतपणाचा खर्च म्हणून. जन्माच्या नोंदीत नाव त्यांचंच टाकून घेऊ.' मावशींना यात पाप वाटत नव्हतं. त्यांच्या लेखी दोन घरांचं भलं होत होतं. पण हे मूल विकणं आहे. कलम ८१ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड आहे, आणि ज्याच्या ताब्यात मूल आहे असा रुग्णालयाचा कर्मचारी त्यात असेल तर कमीत कमी तीन आणि सात वर्षांपर्यंत. कायद्याची प्रक्रिया चुकवून परस्पर दत्तक देणं-घेणं हासुद्धा कलम ८० खाली गुन्हा आहे. मला त्याहून मोठी भीती वाटते ती अशी, की ते जोडपं कसं आहे, बाळ उद्या त्यांच्याकडून पुढे कुठे जाईल, हे विचारणारं मग कुणीही उरत नाही. जन्माच्या नोंदीतच खोटं नाव पडलं, की त्या मुलीचा माग कायमचा पुसला.

हे मला मावशींकडून कळलं नाही. तिनेच विचारलं, 'ताई, चाळीस हजार घेतले तर मी वाईट ठरीन का?' बहिणीच्या लग्नाला पैसे लागणार होते. तिला रागावायचा प्रश्नच नव्हता. मावशींशी मी नंतर बोलले, एकटीने आणि दार लावून. त्या रडल्या. वरिष्ठांना कळवणं भाग होतं, ते कळवलं.

तिसरी मी. पहिल्या दिवशी मीही चूक केली. 'नीट विचार कर, आई आहेस तू,' असं तिला म्हणून बसले. वाक्य साधं आहे, आपल्याकडे रोज कानावर पडतं. पण तीन महिने एकटीने विचार करून, जागा शोधून, रिक्षा करून दवाखान्यात आलेल्या मुलीला 'विचार कर' म्हणायचं म्हणजे तिने विचारच केला नाही असं म्हणण्यासारखं आहे. ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली आणि मगच तिच्यापुढे काय काय वाटा आहेत ते सांगायला बसले.

दुधाचा प्रश्न

बाळ कमी वजनाचं, म्हणून नवजात कक्षात ठेवलेलं. तिने बाळाला पाजावं की नाही, यावर वॉर्डात दोन तट पडले. एका सिस्टरचं म्हणणं, 'पाजू देऊ नका, लळा लागला की सोडवत नाही, जीव अडकतो.' हे मायेपोटीच होतं. डॉक्टरांचं म्हणणं, दोन किलोच्या बाळाला चिकाचं दूध मिळालंच पाहिजे. आणि सगळे एकमेकांशी बोलत होते, तिच्याशी कुणी नाही.

तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, 'अंगावर नाही घेऊ शकत. काढून देते.' स्टीलची छोटी वाटी उकळून आणली. पहिल्या खेपेला तळ जेमतेम ओला झाला, पिवळसर, दाट. तिला वाटलं, एवढंच आलं म्हणजे काहीतरी बिघडलंय. एवढंच येतं आणि एवढंच पुरतं, हे सिस्टरने समजावलं. मग दर दोन-अडीच तासांनी ती वाटीत दूध काढून द्यायची, रात्रीसुद्धा, आणि नवजात कक्षाच्या काचेबाहेर उभी राहून चमच्याने पाजताना बघायची. आत मात्र एकदाही गेली नाही. चौथ्या दिवशी वाटी अर्धी भरायला लागली. बाळाचं वजन उतरायचं थांबलं.

लळा लागतो की नाही, हे ठरवणारे आपण कोण? त्या पाच दिवसांचं दूध बाळाला मिळालं, आणि ते आपण दिलं हे तिच्यापाशी राहिलं. माझ्या मते दोन्ही गोष्टींची किंमत सारखीच आहे.

ठेवून घेण्याची वाट

समितीपुढे जाण्याआधी, मूल आईकडेच राहू शकतं का हे पडताळून पाहावं लागतं. दत्तक नियमावली २०२२ मध्येही समुपदेशन करून शक्यतो मूल पालकांकडेच राहावं असा प्रयत्न करायला सांगितलं आहे. मी तिला राज्याच्या बालसंगोपन योजनेबद्दल सांगितलं, महिना २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वाबद्दल सांगितलं, महिना ४,००० रुपये. काही काळ राहायला शासनाचं शक्ती सदन. जन्मनोंदीत बापाचं नाव द्यायची सक्ती नाही हेही सांगितलं. अविवाहित आईच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ सालीच तो निर्णय दिला आहे.

तिने सगळं ऐकलं. मग बोटं मोडत हिशोब केला. खोलीचं भाडं, गावी पाठवायचे पैसे, बाळ सांभाळायला ठेवायचं तर त्याचे, आणि बाळ घेऊन त्या खोलीत राहू कोण देणार. 'पैसे जमतील, ताई. तोंड कसं जमवू?' म्हणाली. गावात कळलं तर बहिणीचं लग्न मोडतं, बाप ऊसतोडीच्या टोळीत मान वर करून बसू शकत नाही. यावर माझ्याकडे योजना नव्हती.

मला अशा वेळी नेहमी जोतीराव आणि सावित्रीबाई आठवतात. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते अशाच तोंड न दाखवता येणाऱ्या बायकांसाठी. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं, वाटलं तर मूल घेऊन जावं, नाहीतर तिथे ठेवून जावं. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. कायद्याच्या आधी दीडशे वर्षं आपल्या मातीत हे घडून गेलं आहे. पण आमच्या वॉर्डात अजून 'टाकलेलं बाळ' हाच एक शब्द चालतो.

समितीसमोर

सहाव्या दिवशी आम्ही निघालो. नवी मुंबईच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो आणि खारघर-पनवेल रायगडमध्ये, म्हणून प्रकरण कुठल्या जिल्ह्याच्या समितीकडे न्यायचं ते आधी बघायचं. घणसोली ठाण्याकडे. बाळाला झबलं, टोपडं आणि दुपटं तिने स्वतःच्या पैशाने आणवून घेतलं होतं. गाडीत बाळ माझ्या मांडीवर. ऐरोली गेल्यावर ती म्हणाली, 'द्या जरा.' ठाणे येईपर्यंत बाळ तिच्याकडे होतं. तिने पहिल्यांदाच घेतलं होतं.

समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात. त्या दिवशी तिघे हजर होते. तिच्याशी आधी एका महिला सदस्य एकट्या बोलल्या, मला बाहेर बसायला सांगून, आणि ते योग्यच होतं. मग सगळ्यांसमोर तेच प्रश्न पुन्हा. कुणी पैसे देऊ केले का, कुणी दबाव आणला का, तुला कळतंय ना याचा अर्थ काय. चाळीस हजारांची गोष्ट तिने स्वतःहून सांगितली.

सरेंडरच्या, म्हणजे मूल सोपवण्याच्या, कागदावर लग्नाचं जोडपं असेल तर दोघांच्या सह्या लागतात. आई अविवाहित असेल तर तिची एकटीची पुरते. आई अल्पवयीन असती, तर पोक्सोखाली, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक झालं असतं आणि प्रकरणाचं रूपच पालटलं असतं. इथे तसं नव्हतं. कागद तिला मराठीतून वाचून दाखवला. दोन महिन्यांच्या आत ती निर्णय फिरवू शकते. त्यानंतर नाही. आणि मूल अठराचं झालं की आपल्या मुळाचा शोध घेऊ शकतं.

इथे ती थांबली. 'म्हणजे ती येऊ शकते?' तिला सांगितलं, की विचारू शकते, पण तुझी संमती लागेल. तुला नको असेल तर तुझं नाव-पत्ता तिला दिला जाणार नाही. तिने पेन हातात घेतलं, पुन्हा खाली ठेवलं आणि विचारलं, 'मी तेव्हा कुठे राहत असेन, हे कुणाला कळवायचं?'

या प्रश्नामुळेच मला आपली पद्धत परदेशांतल्या पद्धतीपेक्षा बरी वाटते, तिच्या सगळ्या किचाटासकट. अमेरिकेत टेक्सास राज्याने १९९९ मध्ये पहिला 'सेफ हेवन' कायदा केला आणि २००८ पर्यंत तो पन्नासही राज्यांत झाला. आई नाव न सांगता रुग्णालयात किंवा अग्निशमन केंद्रात बाळ देऊन जाऊ शकते. दार मोठं आहे, यात शंका नाही. पण त्या मुलाला पुढे विचारायला कुणी उरत नाही. जर्मनीने २०१४ पासून मधली वाट काढली. बाळंतपण गोपनीय, आईचं नाव बंद पाकिटात, आणि मूल सोळाचं झालं की ते पाहण्याचा त्याला हक्क. आपल्याकडे नाव गुप्त राहतं पण पुसलं जात नाही. स्टेशनवर ठेवलेल्या बाळाचं काय होतं, तेही बघा. 'सोडून दिलेलं मूल' म्हणून आईबापाचा शोध घ्यायला त्याचा फोटो वर्तमानपत्रात छापावा लागतो. सोपवलेल्या बाळाचा छापत नाहीत. जी लाज टाळायला मुली बाळ ठेवून पळतात, ती लाज सोपवण्यात उलट जास्त झाकली जाते. हे एवढं त्यांना आठव्या महिन्यात कुणीतरी सांगायला हवं.

तिने सही केली. दोघा साक्षीदारांनी केली. सहा वर्षांखालचं मूल म्हणून बाळ विशेष दत्तक संस्थेत गेलं. सोबत लसीकरणाचं कार्ड गेलं, जन्मताच दिलेल्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ-बच्या नोंदींसह. कार्ड देण्याआधी तिने ते दोनदा वाचलं. कागदाची एक प्रत तिला मिळाली. खोलीत पाच जणींच्यात ती ठेवायची कुठे, म्हणून तिने घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये घातली.

साठ दिवस

या काळात रुग्णालयात एक-दोन गोष्टी झाल्या, त्या थोडक्यात सांगते. लेबर रूमबाहेर एक पाटी लागली: बाळ सांभाळणं शक्य नसेल तर समाजसेवा विभागात बोला, पोलीस केस होत नाही, नाव गुप्त राहतं, खाली १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर. केसपेपरवर 'अनवॉन्टेड' लिहायचं बंद झालं. त्या मावशींची बदली झाली.

अडतिसाव्या दिवशी तिचा फोन आला. परत घ्यायचं असेल तर काय करावं लागतं? मी सांगितलं, समितीकडे अर्ज, मग चौकशी, आणि मी सोबत येईन. रविवारी आम्ही घणसोली स्टेशनवर भेटलो. जिन्याजवळच्या बाकावर बसलो. ते जिन्याचं ठिकाण तिने बोटाने दाखवलं. पनवेलच्या दोन गाड्या गेल्या, ठाण्याच्या तीन. तिने विचारलं, दीड महिन्याची लस झाली का, ताप आला होता का. मी संस्थेला फोन करून विचारलं. झाली होती, एक रात्र किरकिर केली होती, आता वजन तीन किलोच्या वर. तिने ते तीन वेळा ऐकून घेतलं. परत घेण्याबद्दल त्या दिवशी पुढे काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. निघताना म्हणाली, 'अर्ज नाही करत.'

साठ दिवस भरले. संस्थेने समितीला कळवलं आणि समितीने बाळ दत्तकासाठी कायद्याने मोकळं झाल्याचं जाहीर केलं. पुढचं काम 'कारा'च्या, म्हणजे केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या, यादीप्रमाणे, आणि दत्तकाचा अंतिम आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यातलं काही तिला कळवायचं नसतं, मलाही नसतं. मी तिला फोन करून एवढंच म्हटलं, 'झालं.'

कंपनीतला आवाज येत होता, टेप ओढल्याचा. ती बाजूला गेली असावी, कारण मग शांत झालं.

'अडीच महिन्यांची लस कधी आहे?'

'पुढच्या मंगळवारी.'

'पोलिओचे थेंब पण असतील ना त्यात?'

'हो, थेंब पण.'

'बरं,' म्हणाली. सुट्टी संपायला सात मिनिटं आहेत, ठेवते, म्हणाली.